जपानी जेवण फसलं, त्यात कोल्हापुरी जिभेचा दोष नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला राजारामपुरीतलं एक कुटुंब कोल्हापुरातल्या एका नव्या जपानी रेस्टॉरंटमध्ये आठ कोर्सचं जेवण जेवायला गेलं. चौघं होते, त्यातल्या सासूबाई माळकरी. सूप म्हणजे कोमट पाणी, सुशीचा भात गार आणि टणक, टेम्पुरा (जपानी भजी) मऊ पडलेला, वाटीतल्या वाफवलेल्या अंड्याला सगळीकडे भोकं, दोन कोर्सच्या मध्ये वीस-वीस मिनिटांची वाट, आणि ताटामागे साडेचार हजार भरून पोट रिकामंच. तक्रार केली तर मॅनेजर म्हणाले, "जपानी जेवण असंच सौम्य असतं, तिखट खाणाऱ्यांना ते लगेच कळत नाही." ताईंनी विचारलंय, खरंच आमच्या जिभेचा दोष आहे का?

ताई, दोष जेवणाचा आहे. मी कोल्हापूरचाच. मुंबईतल्या हॉटेलांच्या जपानी किचनमध्ये बरीच वर्षं काम केलं, जपानी शेफच्या हाताखाली दाशी (जपानी स्वयंपाकातलं मूळ चवीचं पाणी) आणि भात शिकलो. आता इकडच्या हॉटेलांची किचन लावून देतो आणि पोरांना शिकवतो. तुमच्या टेबलावर मी नव्हतो, पण तुम्ही जे बारकावे लिहिलेत त्यावरून आत काय झालं असेल ते बऱ्यापैकी कळतं. आणि त्यातली एकही गोष्ट 'सौम्य चव' या नावाखाली खपवण्यासारखी नाही.

आधी तिखटाचा मुद्दा निकालात काढू, कारण हे मॅनेजरच नाही, धंद्यातले बरेच जण असंच बोलतात. मिरचीचा जाळ ही मुळात चवच नव्हे. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या संवेदकाला लागतं तो उष्णता आणि वेदना ओळखणारा असतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो १९९७ मध्ये शोधला आणि त्या कामासाठी त्यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. खारट, गोड, आंबट, कडू आणि उमामी (रश्शाचा दम म्हणतो ती) या चवी ओळखणारी यंत्रणा वेगळी आहे. रोज तिखट खाणाऱ्याला जाळ कमी जाणवायला लागतो हे खरं, पण म्हणून त्याला मीठ कळेनासं होत नाही की रश्शाचा दम कळेनासा होत नाही. फार तर एवढं पाळावं की अशा जेवणाला जायच्या आधी तासाभरात कट मारून मिसळ खाऊ नये. तोंड पेटलेलं असताना कुणालाच काही धड लागत नाही, मग तो टोकियोचा असो नाहीतर टाकाळ्याचा.

उलट मी म्हणेन की सूप पारखायला कोल्हापूरच्या माणसासारखा माणूस नाही. आपल्याकडे मटण शिजायला टाकलं की घरातलं जाणतं माणूस आधी काय करतं? वाटीभर अळणी काढून चाखतं. त्यात तिखट नाही, रंग नाही, मटण, आलं-लसूण, मीठ आणि पाणी एवढंच. त्या एका वाटीवरून मटण कोवळं आहे की जून, पाणी जास्त झालंय का, मीठ बसलंय का, सगळं सांगतात. तांबडा आणि पांढरा, दोन्ही रस्से त्याच अळणीवर उभे राहतात. अळणी पाणचट असली की वर चटणी कितीही घाला, तांबडा नुसता जाळतो, लागत नाही. आणि पांढऱ्यात तर लपवायला जागाच नसते. काजू, खसखस, तीळ, नारळाचं दूध हे सगळं त्या पाण्याला गोलाई देतं, पण मुळात दमच नसेल तर ते दुधाळ पाणी होतं. जपानी स्वयंपाकात अळणीची ही जागा दाशीची आहे. तुम्ही सुपाला कोमट पाणी म्हणालात ना, ते तुमच्या जिभेने अगदी बरोबर पकडलंय.

दाशी कशी करतात ते जरा नीट सांगतो, म्हणजे तुमच्या वाटीत काय नव्हतं ते लक्षात येईल. कोम्बू हे जाड, वाळवलेलं समुद्री शेवाळ, चांगला कोम्बू बहुतेक होक्काइडोचा. त्याच्यावर पांढरी भुकटी दिसते. नवी पोरं ती बुरशी समजून नळाखाली धुऊन टाकतात. धुवायचं नाही, ओल्या फडक्याने हलकं पुसायचं, कारण ती भुकटी म्हणजे बुरशी नव्हे, कोम्बूचीच चव आहे. लिटरभर पाण्यात वीसेक ग्रॅम कोम्बू टाकून पाणी ६० अंशांच्या आसपास तासभर धरायचं. उकळू द्यायचं नाही, उकळलं की बुळबुळीतपणा आणि एक कडवट समुद्री वास उतरतो. मग कोम्बू काढायचा, पाणी उकळीच्या जवळ न्यायचं, गॅस बंद करायचा आणि वरून कात्सुओबुशी सोडायची. कात्सुओ हा ट्यूनाच्या कुळातला मासा, आपल्या कोकणात कुपा म्हणतात त्याच्या नात्यातला. तो उकडून, धुरी देऊन, महिनोन्‌महिने वाळवून लाकडासारखा टणक करतात आणि रंध्यावर तासावा तसा पातळ तासतात. त्या पापुद्र्यांचा ढीग पाण्यावर तरंगतो आणि बघता बघता खाली बसतो. बसला की लगेच कापडातून गाळायचं. पिळायचं नाही. पिळलं की गढूळ होतं आणि माशाचा उग्र वास मारतो. हाती येतं ते फिकट सोनेरी, आरपार दिसणारं पाणी. त्यात मीठ साधारण ०.८ टक्के, सोया सॉसचे काही थेंब, संपलं.

या पाण्याला दम कुठून येतो हेही जपान्यांनीच शोधून काढलं. टोकियोच्या इम्पीरियल विद्यापीठातल्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बूमधून ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्या चवीला उमामी हे नाव दिलं. त्यांचेच शिष्य शिंतारो कोदामा यांना १९१३ मध्ये कात्सुओबुशीत इनोसिनेट सापडलं. दोन्ही एका वाटीत आले की उमामी नुसती बेरजेने नाही, कित्येक पटींनी वाढते. आता हे बघा की मटणातही इनोसिनेट भरपूर असतं. म्हणजे अळणी पिऊन वाढलेल्या माणसाला उमामी शिकवायला लागत नाही, फक्त नाव माहीत नसतं.

तुमच्या रेस्टॉरंटमध्ये काय झालं असावं? एक तर दाशी पावडरची असावी आणि तीही पातळ केलेली. पावडर वापरणं हे पाप नाही, जपानी घरांतही रोजच्या स्वयंपाकात ती असते. पण आठ कोर्सच्या जेवणात स्वच्छ सूप हा सगळ्यात मानाचा कोर्स. शेफचा हात त्यावर जोखतात. तिथे पावडर म्हणजे पांढऱ्या रश्शाला सुपाचं पाकीट फोडण्यासारखं झालं. दुसरी शक्यता पाण्याची. जपानचं पाणी बहुतेक ठिकाणी हलकं आहे. बोअरच्या जड पाण्यात कोम्बू नीट उतरत नाही, वर फेस धरतो. मी किचन लावतो तेव्हा दाशीला गाळलेलं हलकं पाणीच वापरायला लावतो. तिसरी गोष्ट तुम्हीच लिहिलीत, की सूप पसरट प्लेटमध्ये आलं. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. स्वच्छ सूप झाकणाच्या लाखेच्या वाटीत येतं. वाफेने झाकण घट्ट बसलेलं असतं, वाटी कडेने हलकीच दाबली की सुटतं, आणि पहिला वास नाकात जातो. दाशीचा निम्मा जीव वासात असतो आणि वास पाच मिनिटांत उडतो. पसरट प्लेटमध्ये ओतून लांबच्या किचनमधून आणलेलं सूप टेबलावर येईपर्यंत मेलेलंच असतं.

आता सासूबाईंचा प्रश्न. तुम्ही तो एका ओळीत लिहिलात, पण माझ्या मते या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यात गंभीर आहे. त्यांना तेच सूप 'व्हेज आहे' म्हणून दिलं, टेम्पुराबरोबरची बुडवायची पातळ चटणीही तीच. ताई, नेहमीची दाशी कात्सुओबुशीची, म्हणजे माशाची. मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं) सूप, टेम्पुराची ती चटणी, तळलेल्या तोफूवर ओततात तो रस, शिजवलेल्या भाज्या, सगळीकडे ती असते. तुकडा दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी होत नाही. वाढपी पोराला हे माहीत नसेल, पण किचनला माहीत असायलाच हवं, आणि गळ्यात माळ असलेल्या माणसाला वाढताना तर दहादा विचारायला हवं. त्या दिवशी नेमकं काय वापरलं होतं ते तुम्ही लेखी विचारा. ते विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणि पर्याय नाही असंही नाही. कोम्बू आणि वाळलेले शिताके मशरूम यांची दाशी पूर्ण शाकाहारी असते. शिताकेत ग्वानिलेट नावाचा तिसरा घटक असतो, तो कोम्बूच्या ग्लुटामेटबरोबर तसाच जोर धरतो. शिताके गार पाण्यात रात्रभर भिजवले तर चव जास्त गोल उतरते. बौद्ध मठांमध्ये शोजिन र्‍योरी म्हणून शेकडो वर्षांची शाकाहारी परंपरा आहे. तिच्यात मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही वर्ज्य. माळकरी माणसाला यापेक्षा सोयीचं काय असेल? कोल्हापूर-सांगली पट्ट्यात माळकरी आहेत, जैन कुटुंबं आहेत, सोमवार-गुरुवार पाळणारे तर घरटी एक. इथे जपानी रेस्टॉरंट काढून काकडीची सुशी आणि बटाट्याचा टेम्पुरा एवढ्यावर शाकाहारी माणसाची बोळवण करणं मला फार लागतं. कारण त्या देशात यापेक्षा कितीतरी मोठं काही तयार पडलेलं आहे.

भाताकडे येतो. 'फ्रिजमधल्या शिळ्या भातासारखा' असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं तो फ्रिजमधलाच होता. सुशीचा तांदूळ आखूड दाण्याचा जपानी जातीचा, त्यात अमायलोज (पिठीचा एक प्रकार) कमी असतं म्हणून तो चिकटतो. गरम असतानाच त्यात व्हिनेगर, साखर, मीठ कालवतात, तेही पसरट लाकडी भांड्यात, लाकडी उलथण्याने भात कापल्यासारखा हात चालवत, म्हणजे शितं मोडत नाहीत. मग ओल्या फडक्याखाली ठेवून अंगाच्या उबेला वापरतात. ती ऊब महत्त्वाची. निगिरीचा, म्हणजे हाताने वळलेल्या भातावर मासा ठेवलेल्या सुशीचा, घास तोंडात गेल्यावर भात आपसूक सुटला पाहिजे. शिजलेल्या भातातली पिठी ० ते ५ अंशांच्या आसपास सगळ्यात लवकर कडक होते, म्हणजे नेमकी फ्रिजच्या तापमानाला. तरीही बरीच हॉटेलं सकाळीच भात लावून फ्रिजमध्ये टाकतात. त्यांना वाटतं बाहेर ठेवला तर खराब होईल. खरं तर व्हिनेगरने भात आंबट झालेला असतो, त्यामुळे नीट प्रमाणात केलेला भात एका वेळच्या जेवणापुरता बाहेर टिकतो. संध्याकाळचा भात संध्याकाळी लावायचा, उरला तर टाकायचा. यात मजुरी जाते आणि थोडं नुकसानही होतं, पण साडेचार हजारांच्या ताटात तेवढं धरलेलंच असायला हवं. कुणीतरी मला विचारलं होतं की आजऱ्याचा घनसाळ चालेल का. घनसाळचा वास आणि मऊपणा पांढऱ्या रश्शाबरोबर असा दुसरा तांदूळ नाही, पण निगिरीला लागतो तसा तो धरून राहत नाही, आणि त्याचा वास माशावर चढतो. तिथे जपानी तांदूळच हवा.

वासाबीची पेस्ट नकली होती का, असंही तुम्ही विचारलंय. बहुतेक होती. हिरवा रंग घातलेलं हॉर्सरॅडिश आणि मोहरी. पण खुद्द जपानमध्येही साध्या ठिकाणी तेच देतात, त्यामुळे त्यावर मी रेस्टॉरंटला धरणार नाही.

माशाबद्दल मात्र बोलायला हवं. साशिमीचा (कच्च्या माशाच्या कापांचा) सालमन पाणी सुटलेला आणि पिठूळ लागला म्हणता. तो गोठवलेला होता म्हणून नाही, गोठवणं चांगलंच. कच्च्या माशातले जंत मरावेत म्हणून उणे २० अंशांला ७ दिवस ठेवावा असा अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाचा दंडक आहे. घोळ होतो तो मासा सोडवताना. संध्याकाळी ऑर्डर आली की घाईघाईत पाण्याखाली धरतात, मग माशाच्या पेशी फुटून पाणी सुटतं आणि चावताना काही हाती लागत नाही. आदल्या रात्री फ्रिजमध्ये कागदात गुंडाळून सावकाश सोडवला असता तर तोच सालमन बरा लागला असता.

पण माझा खरा प्रश्न वेगळा आहे. कोल्हापुरात आठ कोर्सचं जेवण मांडताना सालमनच्या मागे लागायचंच कशाला? ज्या शहरात हे कोर्सवार जेवण वाढीला लागलं ते क्योतो समुद्रापासून आत आहे. चहाच्या समारंभाआधीचं साधं जेवण सोळाव्या शतकात चहाचे गुरू सेन नो रिक्यू यांच्या काळात घडलं, पुढे त्याचंच थाटाचं रूप मेजवान्यांमध्ये आलं. क्योतोला ताजा मासा सहज मिळायचा नाही. वाकासाच्या किनाऱ्यावरच्या ओबामा गावातून बांगडा मीठ लावून ७०-८० किलोमीटर डोंगर ओलांडून यायचा. त्या वाटेला आजही बांगड्याची वाट, साबा काइदो, म्हणतात. पोचेपर्यंत मीठ नेमकं मुरलेलं असायचं आणि त्याची व्हिनेगरची दाबलेली सुशी व्हायची. उन्हाळ्यात हामो नावाचा वामेसारखा चिवट मासा जिवंत पोचायचा, म्हणून त्याचे बारीक काटे कापण्याची एक आख्खी कला तिथे तयार झाली. बाकी भर तोफू, दुधावरच्या सायीसारखी सोयाची युबा, वाळवलेला मासा आणि भाज्यांवर.

आपलं काय वेगळं आहे? मासा आपल्याकडेही घाट चढूनच येतो, आंबा घाटातून, गगनबावड्यातून, फोंड्यातून. रत्नागिरी १३० किलोमीटरच्या आसपास. क्योतोच्या स्वयंपाक्यांनी लांबच्या समुद्रावर जो तोडगा काढला, तो कोल्हापूरला जसाच्या तसा लागू पडतो. मीठ-व्हिनेगरात मुरवलेला बांगडा इथे अप्रतिम होईल. मात्र हे घरी करून बघू नका. बांगडा बर्फ तुटला की झपाट्याने बिघडतो, त्यात तयार होणारं हिस्टामिन शिजवूनही जात नाही, आणि व्हिनेगरने जंत मरत नाहीत. होडीपासून बर्फात आलेला मासा आणि नीट गोठवण्याची सोय असलेलं किचन असेल तरच.

भाजीचं तर विचारूच नका. तुम्ही डिसेंबरात गेला होता. त्या दिवसांत लक्ष्मीपुरीत पांढरेशुभ्र मुळे, ओला हरभरा, पावटा, रताळी, सुरण यांचे ढीग लागलेले असतात. जपानमध्ये हिवाळ्याचा एक पदार्थ आहे, फुरोफुकी दाइकोन. मुळ्याचे दोन बोटं जाड काप करायचे, कडा हलक्या तासायच्या म्हणजे शिजताना फुटत नाहीत, आणि आधी तांदळाच्या धुवणात उकडायचे. धुवणाने मुळ्याचा उग्रपणा जातो आणि रंग दुधासारखा होतो. मग कोम्बूच्या दाशीत मंद आचेवर, सुई सहज आरपार जाईपर्यंत. वर गोडसर मिसो. एवढंच. गरम काप काड्यांनी तुटतो, आत दाशी भरलेली असते. हा एक पदार्थ सासूबाईंसकट चौघांना वाढता आला असता, आणि तुम्ही घरी जाऊन शेजारणीला सांगितला असता. त्याऐवजी डिसेंबरात तुम्हाला शिमला मिरची आणि झुकिनी दिली. जपानी कोर्सच्या जेवणात ऋतू हा नुसता मेनूकार्डावरचा शब्द नसतो, त्यावरच सगळं ठरतं. तोच नसेल तर उरतात आठ प्लेटा.

टेम्पुरा आणि अंड्याचं थोडक्यात सांगतो. टेम्पुराचं पीठ बर्फाच्या पाण्यात, गुठळ्या ठेवूनच कालवायचं, नाहीतर चिवट होतं. तळला की मिनिटा-दोन मिनिटांत तोंडात. म्हणूनच जपानमधल्या टेम्पुराच्या दुकानात गिऱ्हाईक कढईसमोर बसतं. तुमचा टेम्पुरा ढीग करून, झाकून, वाट बघत ठेवलेला होता, वाफेने मऊ पडणारच. वाफवलेलं अंडं म्हणजे चावानमुशी, एका भागाला तीन भाग दाशी. ८०-८५ अंशांची मंद वाफ लागते. आच मोठी झाली की अंडं उकळतं, भोकं पडतात आणि पाणी सुटतं. दाशी बेचव, आच बेताल, दोन्ही चुका एकाच वाटीत दिसतात. हॉटेलात कामाला मुलगा घेताना मी त्याला हीच वाटी करायला लावतो.

पोट रिकामं राहिलं हेही तुमच्या खादाडपणामुळे नाही. छोटे घास हे या जेवणाचं बरोबरच आहे, काही पदार्थ मुद्दाम गार असतात तेही बरोबर. पण कोर्स कसेही लावायचे नसतात. सुरुवातीचा छोटा घास, सूप, कच्चा मासा, भाजलेलं, शिजवलेलं, वाफवलेलं किंवा तळलेलं, आंबट काही, आणि शेवटी भात, मिसो सूप आणि लोणचं. पोट भरतं ते त्या शेवटच्या भाताने. तो कोर्स म्हणजे जेवणाचा पाया. तुमच्या यादीत चौथ्या नंबरला सुशी आली, मग भाजलेलं चिकन, मग टेम्पुरा, मग थेट ग्रीन टी आइस्क्रीम. शेवटचा भात कुणीतरी खर्च वाचवायला किंवा न समजून काढून टाकला. आपल्या पंगतीत ताकभात न वाढताच पानं उचलली तर लोक गप्प बसतील का?

रेस्टॉरंटची बाजूही सांगतो, कारण मी त्यांच्या जागी उभा राहिलोय. कोम्बू, कात्सुओबुशी, मिसो, तांदूळ सगळं बाहेरून येतं, महाग पडतं. शिकलेली पोरं मिळत नाहीत, मिळाली तर पुण्याला जातात. शनिवारी रात्री चाळीस पानं एकदम आली की आठ कोर्स वेळेत निघत नाहीत. पण मग उपाय आठ कोर्स न मांडणं हा आहे. जपानमध्येसुद्धा सुशीवाला सुशीच करतो, टेम्पुरावाला टेम्पुराच, एकेका गोष्टीत आयुष्य घालवतात. नव्या किचनने सगळं एकाच रात्री करायला जाऊ नये. पाच कोर्स करा, मनापासून करा, कोल्हापूर डोक्यावर घेईल. चांगल्या जेवणाला या गावाने कधी नाही म्हटलेलं मला आठवत नाही, आणि वाईट जेवणाला गावालाच नावं ठेवलेली मला खपत नाहीत.

आता तुम्ही काय करावं. मॅनेजरशी वाद नको, मालकाला किंवा मुख्य शेफला एक मुद्देसूद पत्र किंवा मेल करा. भात गार होता, सूप कोमट आणि बेचव होतं, साशिमीला पाणी सुटलं होतं, तळण मऊ होतं, शेवटचा भाताचा कोर्स नव्हता. 'आवडलं नाही' लिहिलं की ते चवीवर ढकलतात, 'भात फ्रिजमधला होता' लिहिलं की त्यांना उत्तर द्यावं लागतं. सासूबाईंच्या सुपाबद्दल वेगळा परिच्छेद करा आणि त्या दिवशीच्या व्हेज पदार्थांत माशाची दाशी होती का, याचं लेखी उत्तर मागा. उत्तर टाळलं तर अन्न व औषध प्रशासनाकडे जाता येतं. बिलात १० टक्के सेवा शुल्क लावलंय तेही बघा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ते आपोआप लावता येत नाही, काढायला सांगता येतं, आणि न ऐकल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

आणि पुन्हा जपानी जेवण जेवूच नये असं ठरवू नका. पुढच्या वेळी, इथे असो की पुण्यात, आठ कोर्स आधी घेऊ नका. दुपारच्या वेळी जा, गर्दी कमी असते. एक स्वच्छ सूप किंवा मिसो सूप, एक चावानमुशी आणि दोन-चार निगिरी एवढंच मागवा. सूप अळणीसारखं चाखा, अंड्याला भोकं आहेत का बघा, भात उबदार आहे का बघा. या तिन्ही गोष्टी जमल्या तर शेफला बाहेर बोलावून सांगा की आम्हाला रात्रीचं मोठं जेवण करायचंय, एकजण माळकरी आहेत, त्यांच्यासाठी कोम्बू-शिताकेची दाशी वेगळ्या भांड्यात कराल का. चांगला शेफ लगेच तारीख विचारेल आणि दोन दिवस आधी फोन करायला सांगेल, कारण शिताके रात्रभर भिजवावे लागतात.